आमची एक हरकत

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. गणपती आठ-दहा दिवसांवर आले होते आणि कुवेतमधल्या यच्चयावत कोकणी माणसांप्रमाणे आम्ही दोघंही एकाच विवंचनेत होतो : रजा मंजूर होते, की यंदाही आरती फोनवरच ऐकायची? अशात एका रात्री आईचा फोन आला. इथे आठ म्हणजे तिकडे साडेदहा. आई नऊला निजते. छातीत धस्स झालं.

"अरे, आपली आळी पलीकडे गेली."

कोकण, ऑगस्ट आणि पाऊस. आमच्या डोळ्यांपुढे दरड, चिखल, वाहून गेलेली पाखाडी. "तुम्ही सगळे बरे आहात ना?" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"आम्हाला काय धाड भरलीय? नकाशात गेली. नगर परिषदेत भिंतीवर नकाशा लावलाय, तो शेजारच्या वकिलांनी पाहिला."

मग हळूहळू उलगडा झाला. महाराष्ट्रातल्या नगर परिषदा आणि महानगरपालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या होत्या. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने त्या चार महिन्यांत घ्या असं बजावलं, तेव्हा सरकारी यंत्रणा खडबडून जागी झाली आणि गावोगावी प्रारूप प्रभाग रचना जाहीर होऊ लागली. आमचं गाव मुंबई-गोवा महामार्गाने मधोमध चिरलेलं. आमची आळी महामार्गाच्या अलीकडे, जुन्या गावात. नव्या नकाशात ती उचलून पलीकडच्या प्रभागाला जोडली होती. म्हणजे मतदान पलीकडच्या शाळेत, नगरसेवक पलीकडचे, आणि मधून सुसाट धावणारे ट्रक. भुयारी रस्ता आहे, पण चांगला लांब.

आईचा प्रश्न मतदानाचा नव्हताच. तो पाच वर्षांतून एकदा. "नळाला पाणी आलं नाही तर मी सांगायचं कुणाला?" हा तिचा प्रश्न. "इकडचा म्हणेल तुम्ही माझ्या प्रभागात नाही. तिकडच्याला आपली आळी कुठे आहे हेच माहीत नाही." ७६ वर्षांच्या बाईने प्रभाग रचनेचं सगळं सार एका वाक्यात सांगून टाकलं, आणि वर विचारलं, "तुम्ही एवढे शिकलेले, काही करता येतं का बघा."

आता आम्ही काय करणार? गेली तीसेक वर्षं आम्ही कुवेतमध्ये. गावच्या यादीत आमची नावं नाहीत. २०१० च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला नमुना ६-अ भरून आपल्या मूळ पत्त्यावर मतदार होता येतं, मात्र मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः हजर व्हावं लागतं. तो नमुना आम्ही दोनदा डाउनलोड केला आणि दोनदा उद्यावर टाकला. कुवेतमध्ये तर मताचा प्रश्नच नाही. तरीही त्या रात्री आम्हाला आईचं गाऱ्हाणं पटकन समजलं, कारण नकाशावरच्या रेषांसाठी माणसं रस्त्यावर उतरतात हे आम्ही इथेच, कुवेतमध्ये, पाहिलं होतं.

ते साल २००६. तेव्हा वीकेंड गुरुवार-शुक्रवारचा होता; शुक्रवार-शनिवार झाला पुढच्या वर्षी. आम्ही साल्मियात राहायचो आणि गुरुवारी संध्याकाळी मुलांना घेऊन गल्फ रोडला चक्कर मारायची हा शिरस्ता. मे महिन्यात एकदा बघतो तर संसदेसमोरच्या मैदानात नारिंगीच नारिंगी. नारिंगी झेंडे, नारिंगी टी-शर्ट, नारिंगी पट्ट्या. मुलं म्हणाली, हॉलंडची टीम आली! जूनमध्ये जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप होता, त्यामुळे त्यांचा तर्क काही अगदीच चुकीचा नव्हता. आम्हा मराठी माणसांच्या मनात त्या रंगाने काय काय आलं ते इथे लिहीत नाही. गाडी थांबवायची छाती झाली नाही. परदेशी माणसाने असल्या गर्दीच्या आसपास फिरकू नये, हा इथला पहिला धडा. काचा वर करून आम्ही पुढे गेलो.

अर्थ कळला शनिवारी, ऑफिसातल्या कुवेती सहकाऱ्याकडून. हा आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान, रोज उशिरा येणारा आणि राजकारणाला नाक मुरडणारा. त्या दिवशी मात्र त्याच्या मनगटाला नारिंगी पट्टी होती. घोषणा होती "नबीहा खम्स", म्हणजे "आम्हाला पाच हवेत." पाच काय? तर पाच मतदारसंघ.

त्याने चहाच्या ट्रेवरचा कागद उलटा करून आम्हाला जे समजावलं ते असं. कुवेतची राज्यघटना १९६२ ची. १९६३ च्या जानेवारीत पहिली राष्ट्रीय सभा निवडली गेली तेव्हा देशाचे दहा विभाग होते, दर विभागातून पाच, असे पन्नास सदस्य. १९७६ मध्ये सभा बरखास्त झाली. ती पुन्हा भरवायची ठरली तेव्हा, म्हणजे सभा अस्तित्वात नसतानाच, १९८० मध्ये सरकारने नवा नकाशा काढला : पंचवीस विभाग, दर विभागातून दोन सदस्य. १९८१ ची निवडणूक त्याच नकाशावर झाली आणि पुढच्या सगळ्या त्याच नकाशावर.

"पंचवीस काय वाईट? छोटा मतदारसंघ म्हणजे आमदार जवळचा," आम्ही म्हणालो. आपल्या वॉर्डाचा अनुभव पाठीशी होता.

तो हसला. "जवळचा म्हणजे किती जवळचा, माहीत आहे? इतका, की मतांचा भाव त्याला तोंडपाठ असतो. छोट्या विभागात हजार-पाचशे मतं इकडची तिकडे केली की काम झालं. हजार मतं विकत घेता येतात. दहा हजार घ्यायला गेलं की खिसा दुखतो." शिवाय छोट्या विभागात एखादी टोळी किंवा एखादं मोठं घराणं आपसातच ठरवून टाकतं कोण निवडून येणार ते. कायद्याने बंदी असूनही टोळ्यांच्या अशा अंतर्गत निवडणुका व्हायच्या. त्यांना इथे "फरइय्या" म्हणतात. आणि निवडून आलेला माणूस मग कायदे करण्यापेक्षा लोकांची कामं करून देण्यात रमतो : कुणाला परदेशात उपचाराला पाठव, कुणाच्या मुलाला नोकरी लाव. अशांना कुवेती लोक "सेवेचे आमदार" म्हणतात. आम्हाला ऐकताना फार परकं वाटलं नाही, एवढंच म्हणतो.

आम्हाला नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. हे सगळं कुठल्या पक्षाने पेटवलं नव्हतं, पक्ष इथे अधिकृत नाहीतच. विद्यापीठातली आणि नोकरीला नुकती लागलेली पोरं मोबाइलवरून एकमेकांना निरोप धाडून जमली होती. त्यात मुली होत्या. महिलांना मताचा अधिकार मिळाला १६ मे २००५ ला, आणि त्यांनी पहिलं मत टाकलं ते ४ एप्रिल २००६ ला म्युनिसिपल कौन्सिलच्या पोटनिवडणुकीत. म्हणजे ज्या बायकांनी आयुष्यात एकदाच किंवा अजून एकदाही मतदान केलेलं नाही, त्या मतदारसंघ कसे आखावेत यावर बोलत होत्या. दिवाणियांमधून, म्हणजे कुवेती पुरुषांच्या त्या रात्रीच्या बैठकींमधून (आपल्या चावडीला वातानुकूलन आणि वेलचीची कॉफी जोडा, की झाली दिवाणिया), दुसरा विषय नव्हता.

पुढचं भराभर घडलं. मेच्या सुरुवातीला सीफ राजवाड्यापाशी मुलं जमली. सरकारने मधला मार्ग म्हणून दहा विभाग पुढे केले. सभेत तो प्रस्ताव घटनापीठाकडे पाठवायचं ठरताच २९ सदस्य उठून बाहेर पडले. २१ मे रोजी अमीर शेख सबाह यांनी सभा विसर्जित केली. २९ जूनला मतदान झालं, भर उन्हाळ्यात, आणि पाच विभाग मागणारे बहुमताने निवडून आले. जुलैमध्ये कायदा झाला : पाच विभाग, दर विभागातून दहा सदस्य, प्रत्येक मतदाराला चार मतं. आमचा सहकारी त्या दिवशी बकलाव्याचा खोका घेऊन आला. वेळेवर आला, हे विशेष.

आता इतक्या वर्षांनंतर मागे वळून पाहताना तो बकलावा तितकासा गोड वाटत नाही. पाच विभाग झाले, पण सारखे झाले नाहीत. पाचव्या विभागात दुसऱ्या विभागाच्या दुपटीहून जास्त मतदार, आणि सदस्य मात्र दोघांचेही दहाच. फहाहीलकडच्या कुवेती माणसाचं मत राजधानीजवळच्या माणसाच्या निम्म्याने हलकं. रेषा कमी करा म्हणून लोक भांडले, रेषेच्या आत किती माणसं यावर कुणी फारसं भांडलं नाही. तरी २००९ च्या मे महिन्यात याच पाच विभागांतून चार महिला सभेत निवडून आल्या, हेही खरं. पंचवीस असते तर आल्या असत्या असं आम्हाला वाटत नाही. २०१२ मध्ये वटहुकुमाने चार मतांचं एक मत झालं. पुन्हा नारिंगी मोर्चे निघाले, विरोधकांनी डिसेंबरच्या निवडणुकीवर बहिष्कार घातला आणि मतदान ४० टक्क्यांच्या आसपास राहिलं. मे २०२४ मध्ये अमीर शेख मिशाल यांनी सभा विसर्जित केली आणि घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. गल्फ रोडवरची ती संसदेची इमारत, सिडनीचं ऑपेरा हाउस बांधणाऱ्या उत्सोनने आखलेली, वर तंबूच्या कापडासारखं झुकलेलं छप्पर असलेली, आम्ही अजूनही वीकेंडला गाडीतून पाहतो.

आणि या सगळ्यात आम्ही कुठे? देशातल्या दर तीन माणसांत दोन परदेशी. साल्मिया पहिल्या विभागात पडली. आमची इमारत, खालचा बकाला, शेजारचा मल्याळी डेंटिस्ट सगळे पहिल्या विभागात. पण विभाग आखताना मोजली गेली ती कुवेती माणसं. तक्रार नाही. पाहुण्याने घरातल्या खोल्यांच्या वाटणीत बोलू नये, आणि या घराने आम्हाला भरपूर दिलं आहे. एवढंच, की रेषेच्या आत राहून मोजणीच्या बाहेर असणं म्हणजे काय, ते आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

तर, आईचा फोन. दुसऱ्या दिवशी वकिलांनी नकाशाचे मोबाइलवर काढलेले फोटो आणि प्रभाग रचनेच्या सूचनांची प्रत पाठवली. शुक्रवारी आमच्याकडे चार मित्र जेवायला होते, त्यांतले दोघे सिव्हिल इंजिनियर. जेवणं बाजूला राहिली आणि टेबलावर नकाशा पसरला. इंजिनियर माणसाला नकाशा दाखवणं म्हणजे मांजराला मासा.

नियम तसे शहाणपणाचे आहेत, हे कबूल करायला हवं. प्रभाग उत्तरेकडून आखायला सुरुवात करायची, ईशान्येकडून पूर्वेला येत दक्षिणेला संपवायचं. मोठे रस्ते, नद्या, नाले, रेल्वे शक्यतो ओलांडायचे नाहीत. जनगणनेचे प्रगणक गट शक्यतो फोडायचे नाहीत. लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के खाली-वर चालेल, जास्त नाही. वस्त्या तोडायच्या नाहीत. आणि प्रारूप जाहीर झाल्यावर नागरिकांकडून लेखी "हरकती व सूचना" मागवून, हरकत घेणाऱ्याचं म्हणणं समोर बसवून ऐकायचं. कुवेतच्या पोरांना ज्यासाठी राजवाड्यापुढे उभं राहावं लागलं ते आपल्याकडे एका अर्जावर मिळतं. फक्त तो अर्ज थोडक्या दिवसांत, ऐन गणपतीच्या तोंडावर द्यायचा. कोकणात त्या दिवसांत माणूस माटवी बांधेल की महामार्गाची हरकत लिहील?

आमच्यातल्या पुणेकराने हात झटकले. "कशाला नादी लागता?" त्याचंही बरोबर होतं. पुण्यात २०१७ ला बहुतेक चार सदस्यांचे असे ४१ प्रभाग. २०२२ साठी बहुतेक तीन सदस्यांचे असे ५८ प्रभाग आखले, लोकांनी हरकती लिहिल्या, सुनावण्या झाल्या, आणि सरकार बदलल्यावर तो नकाशाच रद्द. २०२५ मध्ये पुन्हा ४१. मुंबईचंही तेच, २२७ चे २३६ आणि २३६ चे पुन्हा २२७. मार्च २०२२ च्या कायद्याने प्रभाग आखायचं काम निवडणूक आयोगाकडून सरकारने स्वतःकडे घेतलं, त्यामुळे सरकार बदललं की रेषा बदलतात. ज्यांनी सुट्टी काढून हरकती लिहिल्या त्यांचे कागद रद्दीत. माणूस पुन्हा कशाला लिहील? महानगरपालिकांची मतदानं अखेर १५ जानेवारी २०२६ ला झाली, काही शहरांत नगरसेवकांशिवाय चार वर्षं काढून.

तरी आम्ही लिहायला बसलो, कारण आई विचारणार होती. आणि लिहिता लिहिता एक चमत्कारिक गोष्ट सापडली. आमचीच आळी का हलवली? पलीकडच्या प्रभागात माणसं कमी पडत होती, तिथे दीडेकशे माणसं हवी होती. लोकसंख्या धरली होती २०११ च्या जनगणनेची, कारण त्यानंतर जनगणना झालीच नव्हती. आणि त्या जनगणनेत, ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या मोजणीच्या दिवसांत जो सबंध काळ परगावी किंवा परदेशी होता, तो त्याच्या घरात मोजला गेला नाही. आमच्या आळीत चाळीसेक घरं. त्यांतली कितीतरी कर्ती माणसं कुवेत, दोहा, मस्कत नाहीतर डोंबिवलीत. कागदावर आळी एवढीशी उरली, पलीकडच्या खड्ड्यात अगदी बरोबर बसेल एवढी. म्हणजे आळी हलली ती काही अंशी आमच्यामुळे.

टेबलावरचे सगळे थोडा वेळ गप्प झाले. मग अर्ज लिहिला. मोजून दीड पान : महामार्ग ही नैसर्गिक हद्द ओलांडली आहे, नियमाचा उल्लेख, नकाशा सोबत. आमच्यातल्या एकाला त्यात गावाचा इतिहास आणि ग्रामदैवताची पालखी कुठून जाते तेही घालायचं होतं. ते वगळायला रात्रीचे बारा वाजले. मराठी टायपिंग जमणारा एकच जण, त्याने "हरकत"ऐवजी "हरकाम्या" छापून सर्वांची करमणूक केली.

सही आईची. तिने अर्ज स्वतः नेऊन दिला, आवक शिक्का मारून पोच घेतली आणि पोचेचा फोटो आम्हाला पाठवला. सुनावणीला आम्ही नव्हतो, आई होती. बाकी बहुतेक हरकती इच्छुक उमेदवारांच्या, वकील घेऊन आलेल्या. अधिकारी सभ्य होते, म्हणाले, "आजी, थोडक्यात सांगा." आई म्हणाली, "थोडक्यात सांगते, मला हायवे ओलांडता येत नाही." एवढं बोलून ती खाली बसली. आमचं दीड पान वाचलं की नाही, देव जाणे.

अंतिम रचना आली तेव्हा आमची आळी अलीकडेच होती. आम्ही इकडे मित्रांना पुन्हा जेवायला बोलावलं आणि यावेळी जेवलोही. आईने आळीत पेढे वाटले. शेजारचे वकील स्वतःच्या कर्तबगारीवर खूष.

नकाशा नीट पाहिला तो नंतर, त्याच इंजिनियर मित्राने. पलीकडच्या प्रभागाला दीडशे माणसं तरीही हवीच होती. आमची परत दिली, तर दुसरी कुठली तरी घ्यायची. घेतली ती आमच्याच बाजूची, नाल्याकाठची वस्ती. मासे विकणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर, रिक्षावाले. महामार्ग त्यांच्यासाठीही तेवढाच रुंद. त्यांच्याकडून हरकत आली नव्हती, आणि यायची तरी कशी? प्रारूपात ते अलीकडेच होते, हरकत घ्यावी असं त्यात त्यांच्यासाठी काही नव्हतंच. अंतिम रचनेवर पुन्हा हरकत मागवत नाहीत. कोर्टात जायचं, ज्याला परवडेल त्याने.

आम्ही आईला सांगितलं नाही. दोन-तीनदा फोनवर विषय तोंडाशी आला, पण तिच्या आवाजातला पेढा अजून संपला नव्हता. आमच्यात यावर वाद झाला, अजून होतो. एक म्हणणं असं, की आपण नियमाला धरूनच मागितलं, पुढचं काम ज्याचं त्याचं. दुसरं म्हणणं असं, की नकाशा टेबलावर पसरलेला असताना सहा शिकल्या-सवरल्या माणसांपैकी एकानेही विचारलं नाही, आपण निघालो तर तिथे कोण जाईल? कुठलं म्हणणं कुणाचं, ते लिहीत नाही, आठवड्यागणिक बदलतं.

२ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. आई सकाळी साडेसातलाच अलीकडच्या शाळेत जाऊन मत देऊन आली, चालत, पाच मिनिटांत. दुपारी मासेवाली मावशी पडवीत येऊन टेकली. गेली वीस वर्षं तीच आमच्याकडे मासे देते. टोपली रिकामी होती. त्या दिवशी तिने धंदा केलाच नव्हता. भुयारी रस्त्याने वळसा घालून, पलीकडची शाळा शोधून मत देऊन आली होती. बोटावरची शाई दाखवून म्हणाली, "आमची शाळा कुणी बदलली हो, काकू?"

आईने तिला चहा करून दिला. रात्री फोनवर हे सगळं सांगून झाल्यावर तिने थोडं थांबून विचारलं, "अरे, तो अर्ज तुम्ही लिहिलात, त्याची एक प्रत तुमच्याकडे आहे ना? जरा वाचून दाखवा. आपण त्यात नक्की काय मागितलं होतं?"